पिकू दे

आमच्या घरात एका शब्दावर फार भरवसा होता. तो शब्द म्हणजे पिकणं. भात पिकतं, आंबा पिकतो, फोड पिकतो, केस पिकतात, हे सगळ्यांच्याच घरी. आमच्याकडे मीठही पिकायचं. ठाण्याच्या खाडीवर आमचं मिठागर होतं. भरतीचं पाणी वाफ्यात घेतलं की ते उन्हानं आटत जातं, त्यावर पातळ साय धरते, सायीखाली दाणा बसतो आणि दाणा जड झाला की आमची माणसं म्हणत, "मीठ पिकला." बाबा या कामात इतके मुरलेले की वाफ्यात पाय न घालता नुसतं बांधावरून बघून सांगत, आज ओढायचं की परवा. घाई करणाऱ्याला ते आईबापावरून शिव्या घालत. कच्चं मीठ ओढलं की हातातल्या लाकडी फळीबरोबर तळाचा चिखल वर येतो आणि सबंध रास काळी पडते. "पिकू दे" हे त्यांचं सगळ्या प्रश्नांवरचं उत्तर होतं. मी एका इयत्तेत दोनदा बसलो, तेव्हा मास्तरांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं.

या शब्दानं माझ्या आईचा जीव घेतला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःशी म्हणत आलो. आता म्हातारपणी तसं म्हणायची लाज वाटते. शब्दाच्या माथ्यावर खापर फोडायला काय लागतं? त्या घरात खरं काय ते ठाऊक असलेला एक माणूस होता आणि तो मूग गिळून बसला होता. तो मी.

त्या वेळी मी पंचविशीत होतो आणि कल्याणच्या मराठी शाळेत मास्तर होतो. आमच्या पाड्यात लिहिता-वाचता झालेला पहिला मीच, त्यामुळे शेखी काही कमी नव्हती. आठवडाभर कल्याणला राहायचं आणि शनिवारी दुपारच्या आगगाडीनं ठाण्याला उतरून खाडीच्या कडेनं घरी चालत जायचं. घरी आई, बाबा, मिठागर सांभाळणारा माझा धाकटा भाऊ आणि माझी बायको. शाळेत लागल्यापासून माझं घरचं बोलणंही पुस्तकी झालं होतं. आई मला हाक मारताना मुद्दाम "मास्तर" म्हणायची आणि मी काही सांगू लागलो की पदर तोंडाला लावून हसायची. "हलू बोल मास्तर," म्हणायची, "कोंबऱ्या दचकतात."

गाठ पहिल्यांदा सापडली ती माझ्या बायकोला, आणि तीही दिवाळीच्या अभ्यंगाला आईची पाठ चोळताना. हात काखेखालून पुढे गेला आणि तिला उजव्या छातीत काहीतरी टणक लागलं. आईनं तिचा हात झटकला. चार दिवसांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, मागच्या पावसाळ्यापासून आहे, बोराएवढी होती, आता सुपारीएवढी झाली, दुखत तर नाही, मग सांगायचं काय? शनिवारी मी घरी आलो तेव्हा बायकोनं मला मागच्या दारी बोलावून हे सांगितलं.

"फोड न्हाय ती," ती म्हणाली. "मी हात लावलाय. दगडासारी हाय, आन जागची हलत नाय. दगड कवा पिकतं का?"

ती तेव्हा अठरा वर्षांची होती. अठरा वर्षांच्या सुनेचं कोण ऐकतो? मी म्हटलं, बघू.

पाड्यातल्या जाणत्या बायका आल्या, पदराआड बघून गेल्या आणि सगळ्यांचं एकमत झालं की हे गळू आहे, अंगातली उष्णता आहे, पोटीस बांधा, पिकलं की आपोआप फुटेल. बाबांना हे बोलणं मनापासून पटलं, कारण ते त्यांच्या भाषेतलं होतं. दुसऱ्या दिवसापासून बाबांनी पोटीस शिजवायचं काम स्वतःकडे घेतलं. जन्मात ज्या माणसानं चुलीत लाकूड सारलं नव्हतं, तो पहाटे मिठागरावर जायच्या आधी चुलीपुढे उकिडवा बसून अळशी वाटायचा, पाण्यात शिजवायचा, हळद घालायचा आणि कढत गोळा स्वतःच्या मनगटाला लावून बघायचा. मनगटाला सोसलं की फडक्यात गुंडाळून सुनेकडे द्यायचा आणि दाराबाहेर जाऊन उभा राहायचा. आत पोटीस बांधून झालं की बाहेरून विचारायचा, "काय गं, साय धरली का?" आई आतून म्हणायची, "नाय आजून." मग तो फळी खांद्यावर टाकून बांधावर जायचा. मी हे दर रविवारी बघत होतो. बाबांचं आईवर एवढं प्रेम आहे हे मला त्या अळशीनं सांगितलं, एरवी आमच्यात असल्या गोष्टी कोणी बोलत नसे.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला. सुपारीचं लिंबू झालं. गाठीवरची कातडी आत ओढल्यासारखी दिसायला लागली, असं बायको म्हणाली. कल्याणला मी ज्यांच्या पडवीत भाड्यानं राहत होतो, ते एक वृद्ध वैद्य होते. त्यांना मी घाबरत घाबरत सांगितलं. ते म्हणाले, घेऊन या. माघात एका रविवारी मी आईला आणि बायकोला आगगाडीनं कल्याणला नेलं. वैद्यांनी आईची नाडी पाहिली. बाकीचं तिला दाखवायचं नव्हतं आणि त्यांनीही मागितलं नाही. माझी बायको दाराच्या आत उभी राहून सांगत गेली आणि ते बाहेर बसून विचारत गेले. हलते का, बुडाशी धरलेली आहे का, वरची कातडी कशी आहे, काखेत काही लागतं का. काखेत लागतं, ती म्हणाली, लहान लहान, वाटाण्यासारखे.

वैद्य उठले, मला अंगणात घेऊन गेले आणि तुळशीपाशी थांबून म्हणाले, "मास्तर, हे गळू नव्हे. हे अर्बुद. गळू पिकतं, अर्बुद पिकत नाही. आमच्या शास्त्रात ही गोष्ट अगदी स्वच्छ सांगितली आहे. उद्या समजा फुटलं, तरी ते पिकून फुटलं असं मनात आणू नका."

"मग उपाय?"

"शस्त्र, नाहीतर डाग. माझ्या हाताला यातलं काहीच येत नाही. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात न्या. उशीर झालाच आहे, आणखी करू नका."

परतीच्या गाडीत ठाकुर्ली गेलं तेव्हा आई खिडकीशी सरकली. ठाकुर्लीच्या बाजूला तिचं माहेर. शेतात कापणीनंतरचे खुंट होते आणि एका बांधावर तिच्या भावाचं खोपटं दिसायचं. ती ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. वैद्य काय म्हणाले, हे तिनं मला विचारलं नाही. मीही होऊन सांगितलं नाही. डोंबिवलीला गाडी थांबली तेव्हा बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी बाहेर बघितलं.

घरी बाबा संध्याकाळचं पोटीस चुलीवर ठेवून आमची वाट बघत होते. हातात डाव होता. "काय बोलला बामन?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर देताना माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते सांगतो, कारण आता लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. मुंबईच्या इस्पितळाची भीती होती. तिथे माणसं कापतात आणि मेली की पुन्हा कापतात, असं आमच्याकडे सर्रास बोललं जायचं आणि चार बुकं शिकूनही मी त्यातलं अर्धं खरं मानत होतो. मिठाचा हंगाम ऐन भरात होता, हेही होतं. पण सगळ्यात मोठी होती ती लाज. बापासमोर उभं राहून आईच्या छातीबद्दल बोलायचं कसं? ती कापावी लागेल, हे शब्द तोंडातून काढायचे कसे? आणि समोर ते हातात डाव घेऊन उभे. चुलीवर अळशी रटरटत होती.

मी म्हटलं, "मोठी आहे म्हणाले. वेळ लागेल. सवडीनं एकदा मुंबईला दाखवा म्हणाले."

"मंग तेच तं मी बोलतंय," बाबा म्हणाले. "टाइम लागंल. पिकत नाय असा या दुनयेन काय हाय?"

आणि त्यांनी डाव फिरवला. मी वेळ मारून नेली. एवढं सोपं काम मी जन्मात दुसरं केलं नसेल.

शिमग्याला चार दिवस होते. शनिवारी मी खाडीच्या कडेनं घरी आलो तर ओट्यावर माणसं जमलेली. बाबा अंगणात गूळ-खोबरं वाटत होते. मला बघताच ते लांबूनच ओरडले, "फुटली रं! पिकली आयसची गाठ! सकालीच फुटली!"

एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर माझ्या लग्नातही पाहिला नव्हता. गावदेवीला नारळ फोडून आले होते. बायका म्हणत होत्या, पाच महिने दम धरला, दुसरा कोणी असता तर घाईनं कुठे कुठे नेऊन वाटोळं केलं असतं. आई ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. चेहरा पांढरा पडला होता, पण ती हसत होती. म्हणाली, "हलका वाटतंय मास्तर. आता आठ दिसांत भरंल."

मी मागच्या दारी गेलो. बायको फडकी धूत होती. वर न बघता म्हणाली, "पू नाय. नुसता पानी आन रगत. आन गाठ तशीच हाय, उलट मोठी झाली." मग वर बघून म्हणाली, "तुमाला वैद्यानं काय सांगितलान, खरा सांगा."

मी तिला सांगितलं. ती फडकी पिळत राहिली.

पुढच्या अंगणातून बाबांनी मला हाक मारली. मी गेलो. त्यांनी माझ्या तळहातावर गूळ-खोबरं ठेवलं आणि मी ते सगळ्यांसमोर तोंडात टाकलं. लोकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तो गूळ मला आजही घशात आठवतो. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या खोट्यांत हे सगळ्यात नीच, आणि त्यात मी एक शब्दही उच्चारला नव्हता.

जखम आठ दिवसांत भरली नाही, महिन्यानं भरली नाही. कडा उलट्या बाहेर वळल्या. बाबांनी पोटीस बंद करून मिठाच्या कोमट पाण्यानं धुवायला सुरुवात करवली, कारण मिठानं सगळं स्वच्छ होतं असा त्यांचा विश्वास. जखमेवर मीठ चोळणे हा वाक्प्रचार मी शाळेत मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेत असे. घरी माझी आई रोज सकाळी तोंडात पदराचा बोळा धरून तो सोसत होती. वास यायला लागला. आधी अंथरुणाला, मग खोलीला. शेजारच्या बायका दारातूनच विचारपूस करून जायला लागल्या. आईला ते कळायचं. ती स्वतःच लांब बसायची, ताटही लांब घ्यायची.

चैत्रात मी बाबांना म्हटलं, आता मुंबई. वाटलं होतं, चिडतील. ते लगेच तयार झाले. त्यांनी त्यावर विचार करून ठेवला होता. "आत खील राहिली," ते म्हणाले. फोड फुटला तरी मुळाशी जो घट्ट पू राहतो त्याला खीळ म्हणतात, ती निघाल्याशिवाय जखम भरत नाही. "सायबाचा हात बारीक. तो काढंल खील."

इस्पितळात बाबा आत आले नाहीत. कंपाउंडात एका झाडाखाली गाठोडं सांभाळत बसले. आई आणि बायको बायकांच्या बाजूला गेल्या. बऱ्याच वेळानं मला बोलावलं. एक गोरा साहेब होता आणि त्याचा मदतनीस एक गोवेकर डॉक्टर, त्याला मराठी यायचं. साहेबानं हात धूत धूत काही विचारलं. गोवेकर मला म्हणाला, "लहान होती तेव्हा का नाही आणलीत, असं विचारतात."

मी म्हटलं, "पिकायची वाट बघत होतो."

त्यानं ते इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. योग्य शब्द सापडेना, शेवटी आंब्याला लावतात तो शब्द त्यानं वापरला. तेवढं इंग्रजी मला येत होतं. साहेबानं हात पुसायचे थांबवून माझ्याकडे बघितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

मग गोवेकरानं मला एकेक करून नीट समजावलं. काखेत पसरलं आहे. कापायचं तर ती सगळी बाजू काखेपर्यंत काढावी लागेल. औषध हुंगवून झोपवतात, कापताना कळणार नाही. पण अंगात रक्त थोडं उरलंय, टेबलावरून उठेलच असं नाही. उठली तर महिना-दोन महिने इथेच. नंतर कदाचित एखादं वर्ष, आणि मग हे पुन्हा येईल, बहुतेक येईलच. न कापलं तर पावसाळा. "साहेब म्हणतात, आठ दिवसांत कळवा. त्यानंतर ते हात लावणार नाहीत."

मी बाहेर आलो. बाबा झाडाखालून उठून उभे राहिले. "काय, निगंल का खील?"

माझ्या जिभेला हाडच नव्हतं म्हणा, नाहीतर कणाच नव्हता म्हणा. मी म्हटलं, "निघेल म्हणतात. पण कापावं लागेल. धोका आहे."

"मंग कापा," बाबा म्हणाले. "पिकल्यावर कापाला कसला धोका?"

घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की कापायचं, म्हणजे बरी होईल. आठ दिवसांची मुदत होती. आई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. शाळेत रजा टाकून मी घरीच राहिलो होतो. हंगाम संपत आला होता. बांधावर मिठाच्या राशी उभ्या होत्या आणि माणसं पावसाच्या आधी त्यांच्यावर गवत शाकारत होती. सहाव्या दिवशी सकाळी आई म्हणाली, "मास्तर, मना जरा बांधावर ने." उजवा हात तिला उचलवत नव्हता. ती डाव्या हातानं माझा खांदा धरून हळूहळू चालत आली आणि एका राशीच्या सावलीत बसली. वास आम्हा दोघांमध्ये होता. वाऱ्याच्या दिशेनं ती जरा बाजूला सरकली, माझ्याकडे वास येऊ नये म्हणून.

"वैद्य काय बोलला व्हता?" तिनं विचारलं. "कल्यानचा. तुला तुलशीपाशी घेऊन जेला, मी आतून बघितला."

मी राशीवरचं गवत नीट करू लागलो.

"मास्तर, मना खरा सांग. मरतीला खोटा सांगू नको."

तेव्हा मी बोललो. पहिल्यापासून बोललो. अर्बुद पिकत नाही. फुटलं ते पिकून फुटलं नाही. मला माघातच ठाऊक होतं. गूळ खाल्ला तेव्हाही ठाऊक होतं. गोवेकर डॉक्टर काय म्हणाला तेही शब्दन्‌शब्द सांगितलं. रडलो. तिनं रडू दिलं. मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्या पायांवर डोकं ठेवून घेतल्या असत्या, पण ती हिशेबी बाई होती आणि तिला तेव्हा दुसरंच काही विचारायचं होतं.

"कापला तर वरीस?"

"एखादं. बहुतेक."

"आन त्यातला किती इथं, किती दवाखान्यान?"

"ते सांगता येत नाही."

ती मिठाच्या राशीकडे बघत राहिली. राशीतला एक खडा उचलून तिनं बोटांत फिरवला आणि पुन्हा जागेवर ठेवला. म्हणाली, "मना नाय कापाचा." आणि लगेच म्हणाली, "तुज्या बापसाला कलला नाय पायजे."

"काय?"

"पिकली नवती ती. ह्या त्याला कदी सांगू नको. पाच मयने सोताचे हातान शिजवलान त्यानं. मनगट भाजून घेतलान. त्याला कलला तं तो जगाचा नाय."

"मग नको का म्हणतेस, हे विचारतील ते. त्यांना वाटतंय तू बरी होशील."

"मी बोलन, मना भ्याव वाटतंय." ती किंचित हसली. "बाय मानसाला भ्याला चालतंय. कोन विचारतंय?"

तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घातली. तिच्या केसांना अजून दिवाळीच्या तेलाचा वास होता असं लिहायला मला आवडलं असतं. नव्हता. जखमेचाच होता.

संध्याकाळी तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, मला भीती वाटते, मी चाकूखाली जाणार नाही. बाबांचा आधी विश्वासच बसला नाही. मग त्यांनी समजावलं, मग आरडाओरडा केला, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग हिला! तू शिकलेला हायस!" मी खाली बघत राहिलो. या वेळी माझं गप्प राहणं तिच्या हुकमानं होतं, पण गप्प राहायची सवय मात्र माझी स्वतःचीच होती. बाबा तिला भित्री म्हणाले, वेडी म्हणाले, आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून रडले. ती म्हणत राहिली, "मना भ्याव वाटतंय." जिनं सहा बाळंतपणं केली आणि चार पोरं पुरली, ती.

पावसाळा गोवेकर डॉक्टरनं सांगितला होता तसाच गेला असं नाही, त्याहून वाईट गेला. उजवा हात खांद्यापासून सुजत गेला. बांगड्या मांसात रुतल्या. नवरा जिवंत असताना हात मोकळा करायला आई तयार होईना. शेवटी माझ्या बायकोनं ओलं फडकं घालून एकेक बांगडी वाढवली आणि आईनं लगेच कासारणीला बोलावून तेवढ्याच हिरव्या बांगड्या डाव्या हातात जास्तीच्या भरून घेतल्या. डावा हात कोपरापर्यंत भरला. गोवेकर डॉक्टरनं दिलेली अफूची गोळी सुरुवातीला दिवसातून दोनदा पुरायची, मग चारदा देऊनही भागेना. माशा हाकायला सतत कोणीतरी लागायचं. माझी बायको शेवटपर्यंत तिच्या जवळ होती, नाकाला पदर न लावता. गौरी उठल्या त्या दिवशी दुपारी आई गेली. बाबा बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "भ्याली. नायतर जगली असती."

हे वाक्य त्यांनी पुढे सहा वर्षं म्हटलं. हंगामाचं पहिलं मीठ ओढलं की एक ओंजळ बांधावर आईच्या नावानं ठेवायचे आणि म्हणायचे, "भ्याली रं तुजी आयस. पिकलेली गाठ. खील काढाचीच राहिली." मी ऐकून घ्यायचो. तिच्या धैर्यावर तिच्याच नवऱ्यानं दर वर्षी चिखल ओढलेला मी ऐकून घ्यायचो, कारण डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता.

सहा वर्षांनी, माघातच, शेजारच्या पाड्यातली एक बाई बाबांकडे आली. पदरात दोन पोरं, कडेवर एक. तिच्या छातीत गाठ होती, बोराएवढी. बाबांचं पोटीस आता चार पाड्यांत नावाजलेलं होतं, आईची गाठ त्यांनी पिकवून दाखवली होती ना! बाबांनी तिला बसवलं. म्हणाले, "पिकू दे. मी अलशी शिजवून देतंय. पिकली का मातर भिऊ नको, सायबाकरं जा. माजी बाईल भ्याली, तसा करू नको." आणि चुलीपुढे उकिडवे बसले.

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मागच्या दारी फडकी धूत असताना बघितलं होतं तसंच.

मी बाबांच्या शेजारी बसलो. म्हटलं, "बाबा, ती पिकत नाही."

"काय पिकत नाय?"

"ती गाठ. तसली गाठ पिकतच नाही. हिची अजून लहान आहे. आत्ताच कापली तर ही बाई वाचेल."

"कोन बोलला?"

"कल्याणचे वैद्य."

"कवा?"

मी सांगितलं. डाव त्यांच्या हातातच होता. अळशी खाली लागायला लागली, करपल्याचा वास आला, तरी त्यांनी ती हलवली नाही. मी वाट बघत होतो की ते मला तो डाव फेकून मारतील. त्यांनी एकच विचारलं, "तिला म्हायत व्हता?"

"हो. बांधावर सांगितलं मी तिला. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

ते माझ्याकडे बघत होते, पण मला बघत नव्हते. मग हळूच म्हणाले, "मंजे ती भ्याली नवती."

त्यांनी पातेलं चुलीवरून उतरवलं, बाहेर नेऊन पालथं केलं आणि त्या बाईला म्हणाले, "जा. उद्याच जा. ह्यो मास्तर तुला घेऊन जाईल." मी तिला दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मुंबईला नेलं. तिची गाठ कापली. ती माझ्या बाबांच्या पाठीमागेही पुष्कळ वर्षं जगली.

मला ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बांधावर ओंजळभर मीठ ठेवायचे, पण तोंडानं काही म्हणायचे नाहीत. मिठागरावरही जात राहिले. फक्त एक झालं. ज्या माणसानं चाळीस हंगाम नुसत्या नजरेनं मीठ ओळखलं, तो त्या वर्षापासून वाफ्याच्या कडेला उभा राहून माझ्या धाकट्या भावाला हाक मारायचा आणि विचारायचा, "बघ रं जरा, पिकला का? मना कलत नाय."